अकरा वाजताच्या बातम्या

रोज सकाळी अकराला मी बातम्या द्यायचे. रेडिओवर नाही, मोबाईलवर. परभणी जिल्ह्यातल्या साठेक धंदेवाल्या बायांचा एक ग्रूप होता, आणि त्यावर बरोबर अकराला माझा आवाज जायचा. अकराच का, तर तोवर नवरा कामाला गेलेला असतो, लेकरं शाळेत गेलेली असतात, सासू शेजारणीच्या ओट्यावर टेकलेली असते. हो, नवरा आणि सासू. आमच्यातल्या निम्म्या जणी घरसंसाराच्या होत्या, तुमच्याच गल्लीत राहणाऱ्या, तुमच्या हळदीकुंकवाला येऊन गेलेल्या. भाकरी थापता थापता कानात वायर घालून त्या मला ऐकायच्या आणि ऐकून झालं की पुसून टाकायच्या. 'ऐका नि पुसा' हा नियम माझाच.

धंदेवाली हा शब्द टोचला असेल तर टोचू द्या. आमच्यात काम करणाऱ्या संस्थेच्या कागदावर आमचं नाव हातभर लांब असतं, मीटिंगमध्ये आम्ही ताई असतो आणि पाठ वळली की शिवी. मी आपली सरळ धंदेवाली म्हणते. वीस वर्षं केलाय, तेवढा हक्क आहे मला.

बातम्या म्हणजे आमच्या कामाच्या. "बायांनो, ऐका. गंगाखेडच्या त्या लॉजवर नवा मॅनेजर आलाय, आधार कार्डाची झेरॉक्स मागायलाय, देऊ नका. पाथरी रोडनं पांढऱ्या गाडीत एकजण फिरायलाय, हातात कडं हाय, गोड बोलतो न् आडरानात नेऊन मारतो, त्याचा फोन उचलू नका. गुरुवारी दवाखान्यात रक्त तपासायचंय, उपाशी यायची गरज न्हाई, न् लाजायची तर बिलकुल न्हाई." असं चालायचं. मधे एखादीला पोरगा झाला, एखादीची पोरगी दहावी पास झाली, तेही सांगायचे. आणि सगळ्यात शेवटी दुकानाची खबर.

दुकान म्हणजे ते ॲप. त्याचं खरं नाव मी घेणार नाही, मेल्याची फुकट जाहिरात कशाला? त्यावर बाईनं फोटो लावायचा, तोंडाला स्कार्फ बांधून का होईना, आणि गिऱ्हाईक तिथूनच बोलायचं. आम्ही कुणाच्या हाताखालच्या नव्हतो. ना कोठीची घरवाली, ना दलाल. कुणाला भेटायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, ते आमचं आम्ही ठरवायचो. दुकान आलं आणि स्टँडच्या भिंतीला टेकून उभं राहणं सुटलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं अंगावर खाकरणं सुटलं. म्हणून त्याच्यावर आमचा जीव होता. पण त्या दुकानाला दर महिन्याला काहीतरी नवं सुचायचं. आज फोटो असा लावा, उद्या तसा लावा, हे बंद झालं, ते चालू झालं. आणि सगळं इंग्रजीत. आमच्यातल्या कितीतरी जणींना बसची मराठी पाटी वाचता येत नाही. त्या मला विचारायच्या.

मी शाळेत नववीपर्यंत गेलेली. पुढं संस्थेत 'पिअर' म्हणून काम केलं, म्हणजे निरोध वाटायचे, बायांना तपासणीला न्यायचं, त्यांचे फॉर्म भरायचे. त्यामुळं सगळ्यांना वाटायचं की आक्काला सगळं येतं. मला किती येतं ते माझं मला ठाऊक होतं. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचते मी. 'फोटो' कळतं, 'नेक्स्ट' कळतं, एटीएमवरचं कळतं. पण चार ओळींचं वाक्य आलं की दुसऱ्या ओळीत माझी गाडी अडते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? माझ्या सख्ख्या भावानं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, आणि इथं साठ बाया म्हणत होत्या, "आक्का म्हणली ना, मग बस." त्याची चटक लागते हो. मला लागली होती.

येलदरीवाली त्या साठातली एक. धरणाच्या अलीकडच्या गावातली म्हणून आम्ही तिला येलदरीवाली म्हणायचो. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिची लेक पाचवीत होती. सासरी दीर, जाऊ आणि म्हातारी सासू, घर एकच, चुली दोन. आठवड्यातून तीन दिवस ती जिंतूरला येऊन परभणीची गाडी धरायची. घरी सांगितलेलं की परभणीच्या एका दवाखान्यात झाडूफरशीला जाते. हिरवी साडी नेसून निघायची, दवाखान्यातल्या बायांसारखी. इतकी सरळ बाई मी धंद्यात दुसरी बघितली नाही. कुणाशी भांडण नाही, कुणाच्या गिऱ्हाईकाकडं बघणं नाही, चहा प्याली तर स्वतःचा कप विसळून ठेवणार. बोलायची ती एकच गोष्ट. "लेकीला नर्स करायचंय, आक्का. खरीखुरी. पांढऱ्या कपड्यातली." लेक अकरावी सायन्सला होती, जिंतूरच्या कॉलेजात. वर्गात पहिली येते हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की एकदा मी चिडून म्हणाले, "अगं, मग आता तिलाच राष्ट्रपती कर." ती हसली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगितलं.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. दुकान उघडलं की आधी एक पांढरी पाटी यायला लागली. चार ओळी बारीक इंग्रजी, खाली दोन बटणं, एक हिरवं आणि एक करडं. करडं दाबलं की दुकान बंद व्हायचं, आत जाताच येत नव्हतं. सकाळपासून बायांचे फोन सुरू. "आक्का, हे काय आलंय? आक्का, काय दाबू?" मी म्हणाले, थांबा, बघते आणि उद्याच्या बातम्यांत सांगते.

बघितलं. 'फोन' हा शब्द लागला, 'फ्रेंड्स' लागला, 'बेटर' लागला. बाकीचं लागेना. माझ्या शेजारच्या खोलीत कॉलेजच्या पोरी राहतात, तुरुतुरु इंग्रजी वाचतात. पण त्यांना दुकानाची पाटी दाखवायची म्हणजे दुसऱ्या दिवशी घरमालकानं माझं गाठोडं रस्त्यावर टाकायचं. संस्थेच्या मॅडमना विचारता आलं असतं. त्या भल्या बाई आहेत, वाचून सांगितलं असतं, ऑफिस माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. कारण मग कुठून तरी फुटलं असतं की आक्का मॅडमना विचारून आम्हाला सांगते. एवढंच कारण. दुसरं काहीही नव्हतं, मी किती वेळा शोधलंय.

मग मी माझी शक्कल काढली. स्वतःच्या फोनवर हिरवं दाबलं. पुन्हा एक पाटी आली, पुन्हा हिरवं दाबलं. दुकान उघडलं. रात्र गेली, सकाळ झाली, काही म्हणजे काही झालं नाही. होणार काय होतं? माझ्या फोनात होतं कोण? गिऱ्हाईकं, ग्रूपच्या बाया, संस्थेच्या मॅडम, गॅसवाला, पाण्याचा जार टाकणारा. आईचा नंबर माझ्याकडं नाही, भावाचा नाही, गावातल्या कुत्र्याचा नाही. मला उघडं पाडायचं म्हटलं तरी त्या दुकानाला माझ्या फोनात एक माणूस सापडला नसता. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, चला, बिनधोक आहे.

आणि अकराला बातमी दिली. अगदी ठसक्यात दिली. "बायांनो, ऐका. दुकानाची पाटी मी पूर्ण वाचली हाय. काई वांदा न्हाई. हिरवं बटण हाय ना, ते दाबा, होय दाबा. पुन्हा पाटी यील, पुन्हा होय दाबा. मंग दुकान उघडंल. ही बातमी लगेच पुसू नका, फोन पुढं धरून ऐकत ऐकत करा, झालं की मंग पुसा." पूर्ण वाचली हाय. माझी जीभ जराही अडली नाही हे म्हणताना. ग्रूपवर टपाटप अंगठे आले. येलदरीवालीचा पण आला.

चौथ्या दिवशी दुपारी माझं दार वाजलं. येलदरीवाली दारात उभी. हिरवी साडी नव्हती, अंगावर घरातली विटकी साडी, हातात कपड्यांची पिशवी, एका पायात चप्पल तुटलेली. आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. मी पाणी दिलं तर पेला हातात धरून बसली, प्यालीच नाही.

हळूहळू बाहेर आलं ते असं. तिच्या दिराचं धरणाच्या वाटेवर हॉटेल आहे, तळलेल्या मासळीचं. तो गल्ल्यावर बसलेला असताना त्याच्या फोनवर टिंग वाजलं. त्यानं बघितलं तर दुकानाची पाटी. तुमच्या ओळखीची ही व्यक्ती आता इथं आहे, असं काहीतरी, आणि खाली हिचा फोटो. तोंडाला स्कार्फ होता, पण डोळे तर उघडेच की, आणि कपाळावरचा जुना व्रण. आणि फोटोखाली नाव आलं होतं, त्यानं स्वतःच्या फोनात हिचा नंबर ज्या नावानं ठेवला होता ते. 'वहिनी'. दुकानात, स्कार्फ बांधलेल्या बाईच्या फोटोखाली, 'वहिनी'.

त्यानं घरी येऊन तिला केसांना धरून अंगणात आणलं. फोन काढून घेतला. सासूनं तोंडावर पदर घेतला. लेक कॉलेजवरून येईपर्यंत हिला गावाबाहेर काढलं होतं. "लेकीला बघूबी दिलं न्हाई, आक्का," ती म्हणाली. "येताना जीप तिच्या कॉलेजावरनं गेली. मी खाली वाकून बसले, तिनं बघू नाही म्हणून."

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझंच बोट चुकलं आसंल. तुमी बरुबर सांगितलं होतं. मी अडाणी, दोनदा दाबायचं तर तिनदा दाबलं आसंल."

त्या वेळी बोलायचं होतं मी. तिथंच, त्याच क्षणी. हे माझ्यामुळं झालंय, हे मला कळलं होतं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "आसू दे. व्हतं आसं कधीकधी." तिच्या पाठीवरून हात पण फिरवला. लाज वाटते सांगायला, पण ती म्हणाली तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मी संस्थेच्या मॅडमकडं गेले, एकीनं ग्रूपवर टाकलेला पाटीचा फोटो घेऊन. चार दिवस उशिरा. त्यांनी एका दमात वाचून दाखवलं. तुमच्या फोनातली सगळी नावं आम्हाला बघू द्या, आणि त्यांच्यातले जे कुणी आमचं ॲप वापरतात त्यांना तुम्ही इथं असल्याचं कळवू द्या. असं सरळ लिहिलेलं. लपवलेलंही नव्हतं मेल्यांनी. मॅडमनी तिथल्या तिथं दुकानाला तक्रार लिहिली. मिनिटात उत्तर आलं, तुमची काळजी आहे म्हणून, खाली फुलाचं चित्र. त्या फुलावर थुंकावंसं वाटलं मला. माणूस नव्हताच तिकडं कुणी.

दुसऱ्या दिवशी अकराला मी सगळ्यांना सांगितलं की दुकान काढून टाका, दुकानानं दगा दिलाय. बाया घाबरल्या, दोघीतिघींच्या घरी कुरबुर झाली, बाकीच्या वाचल्या. वाचल्या, कारण त्यांच्या घरच्यांच्या फोनात दुकान नव्हतं. मी बातमीत 'दुकानानं' म्हणाले. 'मी' म्हणाले नाही.

पण मॅडमनी वाचलेल्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घुसून बसली. जे कुणी ॲप वापरतात त्यांना. म्हणजे दिराच्या फोनवर टिंग वाजलं, कारण दिराच्या फोनात दुकान होतं. तो कशाला गेला होता दुकानात, भाजी आणायला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीला केसांना धरणारा हा, आणि रोज बोटानं दुसऱ्यांच्या वहिन्या चाळत बसणारा पण हाच. येलदरीवालीला मी हे सांगितलं. ती नुसती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. पण त्याचं काय करता?"

रविवारी सकाळी भावकी बसणार असा निरोप आला. दिराचं म्हणणं, लेक आमच्या घरात राहील, आईचा संबंध तुटला. येलदरीवालीचं म्हणणं एकच, लेकीला विचारा. ती आली तर परभणीत खोली घेईन, तिथल्या कॉलेजात घालीन, धंदा सोडून खरंच फरशी पुसायला जाईन. तिनं तोवर दोन दवाखान्यांत विचारून पण ठेवलं होतं. त्या पोरीवाचून बाईच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. मला म्हणाली, "आक्का, तुमी चला संगं. येकटीचे पाय उचलायचे न्हाईत. पण तिथं बोलू नका. तुमी नुसतं बसा."

"न्हाई बोलत," मी म्हणाले.

नऊ वाजता आम्ही पोचलो. दिराच्या ओट्यावर सातआठ बाप्ये बसलेले, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, चहाचे कप. बाया दाराआड. आम्हाला कुणी बस म्हणालं नाही, आम्ही अंगणात लिंबाखाली उभ्या राहिलो. आणि दाराच्या चौकटीत मी पहिल्यांदा त्या पोरीला बघितलं. आईचेच डोळे, दोन वेण्या, खांद्याला कॉलेजची बॅग. बॅग टम्म फुगलेली. चेनमधून कपड्याचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं. येलदरीवालीनं ते बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. पोरगी निघायच्या तयारीत होती.

दीर बोलायला लागला. घराण्याची इज्जत, गेलेल्या भावाचं नाव, पोरीच्या लग्नाचं काय, गावात तोंड कसं दाखवायचं. एकेक जण माना हलवत होता. येलदरीवाली खाली बघून ऐकत होती. मग ती फक्त एवढं म्हणाली, "मला काई म्हणा. लेकीला इचारा, ती म्हणंल तसं."

दीर म्हणाला, "तुला इचारायचं तोंड हाय का? आसली बाई आमच्या घरात निपजली हेच आमचं नशीब फुटकं."

झालं. माझं डोकं फिरलं. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही, लहानपणापासून नाही. मी पुढं झाले. "ओ पावणं, येक इचारू का? हिचा फोटो तुमाला दिसला कुठं?"

"मोबाईलवर."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या मोबाईलात ते दुकान आलं कसं? ते काय देवदर्शनाचं हाय? ज्यानं स्वतः उघडलं त्यालाच तिथली खबर येती. ही विकायला बसली आसंल, मान्य. मंग तुमी तिथं काय करायलात? बोला की! का फकस्त बाईलाच इज्जत आसती, बाप्याला नसती?"

एकानं हातातला मोबाईल खिशात घातला. एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. दिराचा चेहरा उतरला, म्हणाला, "त्ये... कुणीतरी टाकलं आसंल... मला काय त्यातलं कळतं?" आणि दारात उभी असलेली त्याची बायको पदराआडून त्याच्याकडं बघायला लागली. नुसतं बघत होती, पण तो काही तिच्याकडं मान वळवेना. खरं सांगते, मला लय गोड वाटलं ते. वीस वर्षांचं माझ्या घशात अडकलेलं एक काहीतरी त्या अंगणात बाहेर पडलं होतं.

तेवढ्यात पोरगी ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आली. कुणी अडवलं नाही तिला, काकाला तर तोंडच नव्हतं उरलेलं. ती सरळ आईजवळ आली. येलदरीवालीनं हात पुढं केले. पण पोरगी माझ्याकडं बघत होती.

"पुन्हा बोला," ती म्हणाली.

"काय?"

"काईबी. 'बायांनो, ऐका' म्हणा."

मी एक पाऊल मागं सरकले.

"तुमीच त्या," पोरगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, वर्गात उत्तर द्यावं तसं बोलत होती. "काकानं आईचा फोन मला दिलता, लॉक काढायला. त्यात तुमचा आवाज हाय. 'पाटी मी पूर्ण वाचली हाय, होय दाबा, पुन्हा होय दाबा.' मी चारपाचदा ऐकला. मंग मी दुकानात जाऊन ती पाटी हुडकून वाचली. त्यात सरळ लिवलंय. आमच्या वर्गातल्या कुणालाबी कळंल आसं लिवलंय. तुमी वाचली होती का?"

येलदरीवालीनं माझ्याकडं वळून बघितलं. "आक्का?" एवढंच म्हणाली. मला वाटतं ती अजूनही वाट बघत होती की मी काहीतरी सांगेन आणि ते खरं निघेल. साठ जणींना रोज खबर देणारी मी, खाली मान घालून चपलेनं माती उकरत राहिले.

पोरीला उत्तर मिळालं. ती आईला म्हणाली, "आई, तू येकटी आली आसतीस तर मी आले आसते. मला तू काय करतीस त्याचं काई न्हाई वाटलं. रडले, पण बॅग भरली. पण तू हिला घिऊन आलीस. तू आता हिच्याकडं ऱ्हाणार, हिचं ऐकणार. ही बाई न वाचता 'वाचलं' म्हणती, आई. मी तिथं येत न्हाई."

"मी सोडते हिला," येलदरीवाली म्हणाली. माझ्यासमोर, माझा हात अजून तिच्या हातात असताना. "आत्ता सोडते. चल तू."

पण ओट्यावरच्या बाप्यांना आता बोलायला तोंड मिळालं होतं. "बघा, लेकरालाबी कळतंय," म्हातारा म्हणाला. दीर उठून उभा राहिला. मघाशी माती झालेला माणूस पुन्हा छाती काढून बोलायला लागला की पोरीनंच सांगितलंय, आता मिटलं, निघा. मी दिलेली ती चपराक कुणाच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. पोरगी काकूजवळ जाऊन उभी राहिली. रडत होती, पण वळली नाही. काकूनं तिच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

परत येताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो, कारण दुसरी जागा नव्हती. धरण मागं गेलं, कापसाची शेतं लागली, वेचणीच्या बाया चढल्या, उतरल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाले, "मला लय वाईट वाटायलंय गं."

जिंतूरच्या स्टँडवर जीप थांबली. परभणीची गाडी समोरच लागलेली होती. तिनं पिशवी उचलली आणि त्या गाडीकडं न जाता थांबली.

"तुमाला वाचता येत न्हवतं?" तिनं विचारलं.

"थोडं येतं. ते आलं न्हाई."

"मंग म्हणायचं की, येत न्हाई म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. "मी काय हसले आसते का? मलाबी येत न्हाई. तुमी न्हाई म्हणल्या आसत्या तर मी लेकीला दाखवलं नसतं, ते तर मरेपस्तोर दाखवलं नसतं. पण दाबलंबी नसतं, आक्का."